रँग्लरांच्या गावी पाटी घ्यायला

केंब्रिज आमच्या हॅरोच्या घरापासून मोटारीने दीड तासावर. इतक्या वर्षांत भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन चार-पाचदा तरी तिथे जाऊन आलो असू. किंग्ज कॉलेजच्या चॅपलसमोर फोटो, कॅम नदीतली होडी आणि परतताना फजचं खोकं, असा ठरलेला कार्यक्रम. २०२४ च्या जुलैमधल्या एका शनिवारी मात्र आम्ही केंब्रिजला गेलो ते खरेदीसाठी. आणि खरेदी तरी कसली, तर पाटीची!

वाचकहो, ही पाटी म्हणजे पेन्सिलीने लिहायची नव्हे. एकाच छोट्याशा पाटीवर अख्खा संगणक बसवलेला असतो, त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आम्ही आपलं ‘पाटी’ म्हणतो. आमच्या घरी गणिताचे मास्तर असताना दुसरा शब्द सुचणार तरी कसा?

मास्तर म्हणजे नाना. आम्हां दोघांपैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. साताऱ्याला हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले, वय ८६. उन्हाळ्यात पाच महिने आमच्याकडे, आणि दसऱ्याच्या आत परत साताऱ्याला, हा त्यांचा नेम. दोन वर्षांपासून त्यांना डोळ्यांच्या मधोमध धुरकट दिसतं. कडेचं दिसतं, पण समोरचं अक्षर दिसत नाही.

आम्ही १९९१ साली इकडे आलो तेव्हा भारतात फोन करायचा म्हणजे मिनिटामिनिटाचा हिशेब. आईला लिहायचा कंटाळा, बोलायचा मुळीच नाही. तिने पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायला सुरुवात केली. इकडे येणारं कोणी भेटलं की मेतकुटाच्या पुडीबरोबर एक कॅसेट हजर. त्यात पाऊस, भाव, शेजारच्या मुलीचं लग्न, सगळं यायचं. मध्येच “थांबा हं, तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करून येते” असं म्हणून ती उठून जायची, आणि मग अर्धा मिनिट नुसता कावळा ओरडत राहायचा. प्रत्येक कॅसेटच्या शेवटी एकच वाक्य: “आता तुम्ही भरून पाठवा.”

१९९७ पर्यंत अशा अकरा आल्या. एका भारतवारीत आम्ही त्या सांभाळायला म्हणून साताऱ्यालाच नेऊन ठेवल्या. आई २०१२ साली गेली. त्यानंतर नाना रोज संध्याकाळी एक बाजू ऐकत. मग त्यांच्या टू-इन-वनचा पट्टा सैल झाला आणि एके दिवशी त्याने फीतच खाल्ली. नाना आले तेव्हा हातातल्या बॅगेत धोतरात गुंडाळलेल्या अकराही कॅसेटी होत्या. म्हणाले, “यांचं काही करता येतंय का बघा. मला तिकडे ऐकता आलं पाहिजे.”

आमची कन्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने उसना डेक आणून सगळ्या कॅसेटी आपल्या लॅपटॉपवर उतरवल्या. एक तासाच्या कॅसेटला एक तास, त्याला दुसरा उपाय नाही. आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो, दोन्ही बाजूंचा, आणि प्रत्येक मोजणीला दोन बाइट लागतात, हे तिने आजोबांना समजावलं. नानांनी डोळे मिटले आणि तोंडीच उत्तर दिलं: “तासाला त्रेसष्ट कोटी पन्नास लाख चाळीस हजार.” कन्येने कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं. बरोबर! अकरा कॅसेटींचे झाले सुमारे ७ गिगाबाइट. नखाएवढ्या कार्डाच्या एका कोपऱ्यात मावतील इतके.

पण वाजवायचं कशावर? फोनवर भरून दिलं, तर दोन दिवसांत नानांनी काचेवर बोटं फिरवता फिरवता तिघांना व्हिडिओ कॉल लावले. त्यांत एक साताऱ्याचा दूधवाला. तेव्हा ठरलं की यंत्र घरीच बनवायचं. नानांनी भूमितीच्या तासाला सांगावं तसं सांगितलं, “पक्ष: डोळे नाहीत, इंटरनेट नाही, वीज केव्हाही जाते आणि दुरुस्तीला तुम्ही जवळ नाही. साध्य: तिचा आवाज. सिद्धता तुम्ही करा.”

पाटी घरबसल्याही मागवता आली असती. पण या सगळ्या पाट्यांचं माहेर केंब्रिज, आणि केंब्रिज म्हटल्यावर नाना म्हणाले, “रँग्लर परांजप्यांचं कॉलेज बघायचं राहिलंय माझं.” एका दगडात दोन पक्षी. धपाटे, दाण्याची चटणी आणि कंदी पेढे घेऊन निघालो.

ट्रंपिंग्टनला गाडी ठेवून बसने गावात शिरलो. नाना काठी टेकत, दगडी फरशीवर पाय चाचपत किंग्ज परेडवरून चालले होते. सेनेट हाउसपाशी ते थांबले. गणिताच्या परीक्षेचा निकाल इथे वाचून दाखवत, आणि पहिल्या वर्गातल्या मुलांना रँग्लर म्हणत. त्यांचे अनुक्रम जाहीर करायची पद्धत १९०९ नंतर बंद झाली. त्याआधी, १८९९ साली, दापोलीजवळच्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी जॉर्ज बर्टविसलसह पहिला क्रमांक मिळवला, म्हणजे ते सीनियर रँग्लर झाले. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्रात ‘रँग्लर’ ही पदवी आडनावासारखी त्यांना चिकटली. नारळीकर पिता-पुत्रही इथले रँग्लर. नाना हे सगळं वर्गात सांगावं तसं सांगत होते आणि दोन जपानी पाहुणे फोटो काढायचे थांबून त्यांच्याकडे पाहत होते.

परांजप्यांचं कॉलेज सेंट जॉन्स. १५११ साली स्थापन झालेलं. त्याच्या दरवाजावरची चित्रविचित्र प्राण्यांची शिल्पं नानांना दिसली नाहीत. त्यांनी दाराच्या लाकडाला तळहात लावला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. तेवढ्यात कन्येने माहिती पुरवली: “आजोबा, ज्यांनी ही पाटी काढली ना, ते इबेन अपटन याच कॉलेजात कम्प्युटर सायन्सचे डायरेक्टर ऑफ स्टडीज होते. प्रवेशाला येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅमिंग येईनासं झालं होतं. म्हणून मुलांना मोडतोड करता येईल असा स्वस्त कम्प्युटर काढायचं ठरवलं.” पहिली रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आली. नाना खूष. “म्हणजे मास्तरच निघाला की!”

परतताना बाजारचौकातून आलो. इथेच मार्केट हिलवर एकॉर्न कंपनीचं सुरुवातीचं ऑफिस होतं. तिने १९८१ साली बीबीसी मायक्रो काढला, जो पुढे इथल्या शाळाशाळांतून गेला. त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आर्म प्रोसेसरची आखणी केली आणि १९८५ साली तो पहिल्यांदा चालला. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आणि आम्ही घ्यायला निघालेल्या पाटीतही त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. पाट्या मात्र बहुतेक वेल्समधल्या पेनकोइडला, सोनीच्या कारखान्यात बनतात.

ग्रँड आर्केडमधलं रास्पबेरी पायचं दुकान २०१९ साली उघडलेलं. आत शिरलो आणि आमची अवस्था साडीच्या दुकानात गेलेल्या नवऱ्यासारखी झाली. सगळंच चांगलं, आणि सगळंच सारखं दिसणारं! कन्येचा डोळा पाय ५ वर. २०२३ सालची, सगळ्यांत जोरकस. पण तिला हेडफोनचं भोकच नाही. शिवाय पूर्ण ताकदीने चालवायची तर ५ अँपिअरचा खास चार्जर हवा, आणि काम वाढलं की पंखाही हवा. २०१९ सालच्या पाय ४ ला भोक आहे, यूएसबीच्या चार जागा आहेत, पण त्या चार जागांत आम्ही काय घालणार? तिसरी झिरो २ डब्ल्यू. २०२१ साली १५ डॉलरला निघालेली, साडेसहा सेंटिमीटर लांब, तीन रुंद. मेमरी फक्त ५१२ मेगाबाइट. हेडफोनचं भोक हिलाही नाही.

“काय हे, इतकी लहान?” आम्ही म्हणालो. काउंटरवरच्या मुलाने एकच प्रश्न विचारला, “वापरणार कोण?” आम्ही नानांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, “मग आधी त्यांच्या हाताला काय हवं ते ठरवा. पाटी त्यावरून ठरेल.” आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो.

पार्कर्स पीसच्या मैदानावर बाक गाठून धपाटे सोडले. रणजी कॉलेजात असताना याच मैदानावर क्रिकेट खेळत, हे ऐकून नानांनी एक धपाटा जास्त घेतला. मग कन्येने पिशवीतून एक फिरवायचं बटण काढून त्यांच्या हातात दिलं. हे आवाजासाठी. नानांनी फिरवलं. फिरवतच राहिले. “अगं, हे थांबतंच नाही. आवाज कुठे आहे ते मला कळणार कसं?” कन्या गप्प झाली. नव्या पद्धतीची ही बटणं गोल गोल फिरतात, त्यांना सुरुवात नाही की शेवट नाही. डोळे असतील तर पडद्यावर आकडा दिसतो. नसतील तर?

“आपल्या रेडिओचं बटण कसं, डावीकडे अडलं की बंद, उजवीकडे अडलं की पूर्ण. तसं दे. आणि कॅसेट निवडायला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं, टक टक वाजणारं.”

त्या बाकावर आमचं यंत्र ठरलं. कॅसेटींसाठी १२ घरांचं टकटक बटण, घड्याळाच्या आकड्यांसारखं. नानांना घड्याळ चाचपून कळतं. आवाजासाठी जुन्या पद्धतीचं, अडणारं बटण. ते पाटीला जोडायचंच नाही. या पाट्यांना फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ कळतं, ‘थोडं’ कळत नाही. म्हणून ते बसवायचं पाटीच्या पुढे. पाटीतून निघतात आकडे. त्यांचा आवाज करणारी वेगळी छोटी चकती असते, तिला डॅक म्हणतात. डॅक आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये हे बटण. हेडफोनच्या भोकाची गरजच उरली नाही!

डॅकही दोन तऱ्हेचे होते. एक दुकानातला, टोपीसारखा पाटीच्या ४० पिनांवर बसणारा. आवाजाला उत्तम, पण सगळ्या पिना झाकून टाकणारा. दुसरा पीसीएम ५१०२ चिपचा, टपाल तिकिटाहून थोडा मोठा, ज्याला आवाजाच्या तीनच तारा पुरतात. नानांनी हिशेब केला: “वापरण्याजोग्या पिना २६. तीन डॅकला, बारा बटणाला. उरल्या अकरा. छोटाच घ्या.” पुन्हा दुकानात गेलो आणि झिरो २ डब्ल्यू घेतली. मुलगा हसला. त्याला बहुधा आधीच ठाऊक होतं.

पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघराच्या टेबलावर जेवणाऐवजी डाख द्यायचं काम चाललं. डबा आमच्या १९९१ सालच्या मसाल्याच्या पेटीचा. वीज गेली तर कार्ड बिघडू नये म्हणून ते ‘फक्त वाचायचं, लिहायचं नाही’ अशा पद्धतीने लावलं, आणि तसंच भरलेलं दुसरं कार्ड डब्यात आत चिकटवलं. वीज ५ व्होल्टची, कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या चार्जरवर चालणारी. सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो. नाना म्हणाले, “व्हॉल्व्हचा रेडिओही तापायला वेळ घ्यायचा.”

कन्येने फितीची खरखर काढून टाकण्याचा प्रोग्रॅम चालवला. आवाज स्वच्छ झाला, पण शिट्टीनंतरचा तो अर्धा मिनिट अगदी मुका झाला. कावळाही गेला. नाना ऐकून म्हणाले, “हे नको. पहिलंच ठेव. घर तिथेच आहे.” पहिलंच ठेवलं.

अकरा घरं भरली. बारावं रिकामं. कन्येने विचारलं, “आजोबा, बारावर काय घालू?” नानांनी आमच्याकडे तोंड वळवलं. “तिने अकरा वेळा सांगितलं, भरून पाठवा. तुमच्या आल्या दोन.”

खरं होतं. १९९२ मध्ये एक, १९९३ मध्ये एक. पुढे नोकरी, घराचे हप्ते, मग फोन स्वस्त झाले. उत्तर राहूनच गेलं. त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात लॅपटॉपपुढे बसलो. पहिली दहा मिनिटं काय बोलावं तेच सुचेना. मग इथल्या पावसापासून सुरुवात केली. तासभर बोललो. मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या, त्याही तशाच ठेवल्या.

सप्टेंबरच्या अखेरीला नाना मसाल्याची पेटी मांडीवर घेऊन विमानात बसले. सुरक्षा तपासणीत ती उघडावी लागली, पण सुटली. आठवड्याने फोन केला तेव्हा साताऱ्यात नुकतीच वीज गेली होती आणि आली होती. “चालू झालं का हो आपोआप?” आम्ही विचारलं. “झालं. जरा थांबा, आवाज कमी करतो,” नाना म्हणाले. फोनमधून बटण डावीकडे अडल्याचा खट्ट आवाज आला. त्याच्या आधी क्षणभर आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला, इथल्या पावसाबद्दल काहीतरी सांगणारा.

मंडळी, चुंबकीय फीत काही अमरपट्टा घेऊन येत नाही. तुमच्या लॉफ्टमध्ये अशा कॅसेटी असतील तर उतरवून घ्या. उसना डेक अजून आमच्याकडेच आहे, मालकाने मागेपर्यंत खुशाल न्या. पाटी कोणती घ्यावी, हे मात्र आम्हाला विचारू नका. ती कोणाच्या हातात द्यायची आहे, त्यांना विचारा.