पहिला अंक कुठला?

मुलांनो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुन्या चित्रकथांचा गठ्ठा आहे का? नसेल तर काकांना, मामांना विचारून बघा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जे लहान होते, त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे दोन-चार अंक निघतीलच. आणि निघाले, की एक प्रश्न हमखास पडेल. यातला आधी वाचायचा कुठला?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? अंकावर क्रमांक छापलेला असतो. ओळीनं लावायचे आणि वाचत सुटायचं! पण तसं करून बघाच. एका अंकात वेताळाचं लग्न झालेलं असतं, कवटीगुहेत त्याची जुळी मुलं खेळत असतात. आणि पुढच्या कुठल्या तरी अंकात बघावं, तर त्याचं डायनाशी अजून लग्नच झालेलं नाही! मग मुलं आली कुठून आणि गेली कुठं?

ज्यांना वेताळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सन १५३६ मध्ये चाचे लोकांनी एक जहाज बुडवलं. त्यातून एकटाच तरुण वाचला आणि वाहत किनाऱ्याला लागला. जंगलातल्या बुटक्या बांदर लोकांनी त्याला जगवलं. पुढे वडिलांना मारणाऱ्या चाच्याची कवटी हातात घेऊन त्यानं शपथ घेतली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरीशी, क्रूरपणाशी आणि अन्यायाशी लढत राहू. हा पहिला वेताळ. त्याच्यानंतर मुलगा, मग नातू, अशी परंपरा चालू राहिली. मुखवटा तोच, पोशाख तोच. त्यामुळे जंगलातल्या लोकांना वाटतं, की हा एकच माणूस, याला मरणच नाही! आपण ज्याच्या गोष्टी वाचतो, तो आहे एकविसावा.

आता क्रमाकडे वळू. वेताळाच्या गोष्टी एका नाही, तीन क्रमांनी लावता येतात बरं का.

पहिला क्रम लिहिणाऱ्याचा. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रात वेताळ सुरू केला. रोज तीन-चार चौकटी, उरलेलं उद्या! १९३९ पासून रविवारचं पान निराळं निघू लागलं. म्हणजे सोमवार ते शनिवार एक गोष्ट आणि रविवारी भलतीच दुसरी. १९९९ मध्ये फॉक वारले, तोवर ते वेताळाच्या गोष्टी लिहीत होते. त्यांच्यानंतर इतरांनी त्या पुढे चालवल्या.

दुसरा क्रम छापणाऱ्याचा. ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं. मराठीतही ते निघायचं. आधी मासिक, पुढे पाक्षिक, मग साप्ताहिक असं ते १९९० पर्यंत चाललं. आठशेच्या आसपास अंक निघाले. पण मूळ गोष्टी ज्या क्रमानं आल्या, त्याच क्रमानं इथं छापल्या, असं झालं नाही. कधी जुनी गोष्ट, कधी नवी. लांब गोष्ट कधी कापून लहान केलेली, कधी दोन-तीन अंकांत वाटलेली. इंद्रजालचा अगदी पहिला अंक वेताळाच्या कमरपट्ट्याच्या गोष्टीचा, पण तीही काही वेताळाची पहिली गोष्ट नव्हे. शिवाय सुरुवातीचे ३२ अंक वेताळाचे झाल्यावर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन हेही त्यात येऊ लागले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा आपला देशी बहादूर आला. त्यामुळे तुमच्या गठ्ठ्यातल्या वेताळाच्या अंकांचे मधले क्रमांक नसले, तर ते हरवलेच असं समजू नका. ते दुसऱ्याच नायकाचे असतील!

आणि तिसरा क्रम गोष्टीतल्या काळाचा. पहिला वेताळ आधी, मग दुसरा, तिसरा, असा एकविसाव्यापर्यंत.

हे सगळं मला माझ्या मामामुळे कळलं. मामा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता. लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत खाऊला मिळालेले पैसे साठवून तो रद्दीच्या दुकानातून जुने इंद्रजाल आणायचा. मी वाचायला लागले तेव्हा इंद्रजाल बंद पडलेलं होतं. मामा त्याच्या गठ्ठ्यातला एक अंक मला द्यायचा. तो वाचून परत केला, की दुसरा. प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यात त्यानं शिसपेन्सिलीनं बारीक आकडा घातलेला असे. दोन वर्षांपूर्वी मामा गेला. मामीनं तो गठ्ठा माझ्या हवाली केला. एक्केचाळीस अंक होते. एका शनिवारी मी ते शाळेत घेऊन गेले.

माझा वर्ग चौथीचा. अर्ध्याअधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांच्यातला एक मुलगा गणितात चलाख, पण वाचायला सांगितलं, की मान खाली. जोडाक्षर आलं, की गाडी थांबलीच. गोष्टीच्या पुस्तकाला तो कधी हातच लावायचा नाही. त्या दिवशी मात्र चित्रं बघून पुढे सरकला. सगळ्यांनी मिळून छापील क्रमांकांप्रमाणे अंक लावले. सगळ्यांत लहान क्रमांक होता शंभराच्याही पुढचा.

“बाई, एक नंबर कुठं हाय ओ?” त्यानं विचारलं.

“तो नाही आपल्याकडे.”

“मग नको. मधनंच वाचलं तर काय कळनार?” असं म्हणून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

मला धस्स झालं. पहिला अंक काही आता मिळण्यातला नव्हता. म्हणजे तो नाही म्हणून या मुलानं कधी सुरुवातच करायची नाही की काय?

तेवढ्यात एका मुलीचं लक्ष शिसपेन्सिलीच्या आकड्यांकडे गेलं. आम्ही ते बघून अंक पुन्हा लावले. हा क्रम ना छापणाऱ्याचा होता, ना लिहिणाऱ्याचा. मामाचा ‘एक’ होता तो अंक, ज्यात एकविसावा वेताळ जहाजाची, कवटीची आणि शपथेची जुनी हकिगत सविस्तर सांगतो. ‘दोन’वर एक छोटी, सोपी गोष्ट. लग्नाआधीच्या गोष्टी मग, जुळ्या मुलांच्या त्याच्याही नंतर. आणि आधीच्या वेताळांच्या पराक्रमाचे अंक मधेमधे पेरलेले. मामानं नव्यानं येणाऱ्या वाचकासाठी वाट आखली होती. आधी माणसाशी ओळख, मग त्याचं घरदार, मग त्याचे पूर्वज!

त्या मुलानं मामाचा ‘एक’ नंबर घरी नेला. बत्तीस पानांना त्याला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी अंक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “बाई, दोन द्या.” दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो चौदावर पोचला होता. एकदा तर मलाच म्हणाला, “बाई, सहा आन् सात उलटे पायजेत.” का, तेही त्यानं नीट समजावून सांगितलं. मी ऐकत राहिले.

खरं तर मुलांनो, आपण सगळे असंच शिकतो. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास शिकवताना मी आधी विचारते, महाराजांची कुठली गोष्ट तुम्ही पहिल्यांदा ऐकली? कुणी सांगतं अफजलखानाची, ती १६५९ ची. कुणी सांगतं आग्र्याच्या पेटाऱ्यांची, ती १६६६ ची. शिवनेरीवरचा १६३० चा जन्म सगळ्यांत आधी ऐकलेला मूल क्वचितच भेटतं. म्हणून काही बिघडलं का? उलट गोष्टी आवडल्या, म्हणूनच पुढे सनावळी लावायची ओढ लागली. खुद्द वेताळाचंही बघा ना! कवटीगुहेत त्याच्या पूर्वजांच्या रोजनिशांचे जाडजूड ग्रंथ आहेत. तो काही पहिल्या ग्रंथापासून ओळीनं वाचत बसत नाही. जेव्हा जी हकिगत लागेल, तेव्हा तो ग्रंथ खाली काढतो.

क्रम लावायची गंमत मात्र सोडू नका. त्यासाठी काही खुणा सांगते. वेताळाचं लग्न १९७७ चं आणि जुळी मुलं १९७९ ची. डायना बायको म्हणून दिसली, तर गोष्ट त्यानंतरची. चित्रंही बोलतात. १९६१ पर्यंत विल्सन मॅकॉय चित्रं काढायचे. त्यांच्या रेषा साध्या, ठसठशीत, मागे फारसं काही नाही. त्यानंतर तीसेक वर्षं साय बॅरी यांनी काढली. त्यांच्या जंगलात झाडं, सावल्या, चेहऱ्यावरचे भाव, सगळं भरगच्च. वहीत चार रकाने आखा : छापील क्रमांक, चित्रकार, लग्नाआधी की नंतर, आणि कितव्या वेताळाची गोष्ट. महिन्याभरात तुम्हीच लहानसे संशोधक व्हाल!

पालकांना एक विनंती. मूल चित्रकथा मधूनच वाचत असेल, एकच अंक दहादा वाचत असेल, तर वाचू द्या. आणि जुने अंक रद्दीत घालण्याआधी एकदा त्यांचे कोपरे तपासा. कुणी तरी तिथं आकडा घालून ठेवलेला असेल.

आणि मुलांनो, तुम्हाला एखादी मालिका आवडली असेल, मग ती वेताळाची असो, नाही तर आणखी कुणाची, तर ती अजून न वाचलेल्या एका मित्रासाठी क्रम लावून द्या. त्यानं कुठून सुरुवात करावी? दुसरं काय वाचावं? आणि का? शिसपेन्सिलीनंच लिहा हं! मित्राला एखादा आकडा बदलावासा वाटला, तर खोडता आला पाहिजे.