तीन एकर सहा गुंठे

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, मार्कंडेय नदीच्या काठी. आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं. आज या दोन गावांच्या मधून दोन राज्यांची हद्द जाते. पण १९४७ साली आई-आप्पांचं लग्न झालं, तेव्हा चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. पाहुणे गाडीत बसून यायचे-जायचे, हद्द वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हती.

आजोबांपासून आम्ही कुळं. जमीन तीन एकर सहा गुंठे, मालक शहरात राहायचे. मे अखेरीस धूळवाफेवर भाताची पेरणी, दिवाळीच्या मागंपुढं कापणी आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. माळाकडच्या तुकड्यात रताळी. मळणीच्या वेळी मालकांचा माणूस खळ्यावर येऊन बसायचा. निम्मी पोती खंड म्हणून गाडीत चढायची. पावती कधी मिळाली नाही आणि मागायची पद्धतही नव्हती.

औत, कुळव, बांधबंदिस्ती आप्पांकडे. बियाणं राखणं, भांगलण, कापणी आणि बाजार आईकडे. आणखी एक काम तिच्याकडे होतं, ते म्हणजे हिशेब. ती शाळेत गेली नव्हती. खंडाचं एक पोतं गेलं की माजघराच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. पुढच्या दिवाळीला भिंत सारवली की रेघा जायच्या, आकडा मात्र तिच्या डोक्यात राहायचा. कुठल्या वर्षी किती पोती गेली, कुठल्या वर्षी पुरानं बांध फुटला म्हणून किती कमी गेली, हे ती चुलीपुढं बसून सांगायची.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, मुंबई राज्याच्या कूळकायद्यानुसार कृषक दिन आला. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचा मालक झालं असं कायद्यानं मानलं. किंमत आकाराच्या वीस ते दोनशे पट, तीही हप्त्यानं भरायची सोय. माझे मामाही कूळच होते. त्यांचं नाव सातबाऱ्यावर चढलं. आमच्याकडे तो दिवस उगवलाच नाही.

मामा आले की आप्पा त्यांच्याशी हसून बोलायचे, पण शेताचा विषय काढायचे नाहीत. एकाच वाणाचं भात, एकच पाऊस, बहीण-भाऊ एकाच आईचे. एक मालकाच्या घरात आणि एक कुळाच्या घरात. सीमाप्रश्नावर मी खूप भाषणं ऐकली, मोर्चेही बघितले. पण सीमा म्हणजे काय, हे मला आधी आमच्या खळ्यावर समजलं.

कूळ असण्याचा दुसरा तोटा मला बी.कॉम. करून बँकेत लागल्यावर नीट कळला. उताऱ्यावर नाव नाही म्हणजे तारण नाही आणि तारण नाही म्हणजे कर्ज नाही. आप्पांना विहीर खणायची होती. वीस वर्षं ती इच्छा नुसती बोलण्यातच राहिली. खाजगी सावकार मात्र उतारा बघत नव्हता, त्याला आईची बोरमाळ पुरायची.

म्हैसूर राज्यानं १९६१ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला, तो १९६५ मध्ये अंमलात आला. खरा बदल झाला तो देवराज अर्स मुख्यमंत्री असताना. १ मार्च १९७४ पासून कुळांकडच्या जमिनी सरकारच्या झाल्या आणि कुळानं फॉर्म नंबर सात भरून ट्रिब्युनलपुढं आपला हक्क मागायचा असं ठरलं. आम्ही फॉर्म भरला. मालकांनी उत्तर दिलं, ही माणसं कुळं नव्हेत, हंगामी मजूर आहेत, जमीन आम्ही स्वतः करतो. पहाणीच्या कागदात कसणाऱ्याच्या रकान्यातही मालकांचंच नाव होतं.

सुनावणीला मी रजा टाकून गेलो. त्या ट्रिब्युनलपुढं वकिलांना उभं राहायला परवानगी नव्हती. आप्पांना पहिला प्रश्न विचारला आणि त्यांचा आवाजच फुटेना. चार माणसांत बोलायची सवयच नव्हती. तेव्हा मागून आई उठली. "सायब, मी सांगतो." आमच्याकडच्या बायका 'जातो, येतो, सांगतो' असंच बोलतात. साहेबांनी मान हलवली.

तिनं सुरुवात केली ती लग्नाच्या वर्षापासून. वर्षाला इतकी पोती, न्यायला कोण आला, गाडी कुणाची. एका सदस्यानं कन्नडमध्ये चतुःसीमा विचारल्या. तिनं बाजारात रताळी विकता विकता शिकलेल्या कन्नडमध्ये चारी बाजूंचे शेतकरी सांगितले, वर कुठल्या बांधावर जांभूळ आहे आणि कुठला बांध दरवर्षी ढासळतो, तेही सांगितलं. मग तोच प्रश्न मालकांच्या माणसाला विचारला. तो दोन बाजू सांगून थांबला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. पुढे फॉर्म दहा मिळाला. तो कागद कन्नडमध्ये होता. आप्पांनी तो मला दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, "माझं नाव कुठं हाय, बोट ठेव." पुढच्या दोन वर्षांत पीएलडी बँकेचं कर्ज काढून विहीर झाली. तिचं पाणी लागलं त्या दिवशी मामा चंदगडाहून मुद्दाम आले होते.

त्या कागदावर आईचं नाव नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, कूळ म्हणून नाव आप्पांचं. बँकेत मी आयुष्यभर उतारे तपासले. नवरा हयात असताना बायकोचं नाव असलेला उतारा क्वचितच हाताला लागला. प्रत्येक उताऱ्यामागं भांगलण कुणी केली, ते मात्र मला माहीत असायचं.

१९९१ मध्ये आप्पा गेले. वारसा लावताना गावच्या रीतीनं मुलांचीच नावं लावायचं चाललं होतं. आम्ही तिघा भावंडांनी मिळून तलाठ्याला सांगितलं, पहिलं नाव आईचं. तिला हे कळलं तेव्हा ती मसूर पाखडत होती. म्हणाली, "आता कशाला रे? शेत मला वळखतंय की." पण उतारा आल्यावर तिनं तो पिठाच्या डब्यामागं, आप्पांच्या फॉर्म दहाशेजारी ठेवून दिला.

आता ते शेत धाकट्या भावाचा मुलगा करतो. अर्ध्या शेतात ऊस आहे, बाकीच्यात भात आणि मसूर चालू आहे. गेल्या वर्षी त्यानं बायकोचंही नाव लावायचं का, असं मला विचारलं. मी म्हटलं, मला काय विचारतोस, तिला विचार आणि लाव.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादा जुना उतारा असेल. नाव बघून तो परत घडी घालून ठेवू नका. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस अजून बोलतंय तोवर विचारून घ्या, खंड किती जायचा, कोण मोजायचं आणि बाजाराला कोण जायचं. ते कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.