जोगेश्वरीस दोनदा

जोगेश्वरीच्या सहाव्या शतकांतील शैव लेण्यांस आम्ही प्रथम गेलों, ते बालपणीं, तीर्थरूपांच्या ‘डुक्कर फियाट’मधून. इ. स. १९५४ च्या सुमारास हिंदुस्थानांत आलेल्या ह्या मोटारीच्या पुढील दारांच्या बिजागऱ्या मागल्या अंगास असत. धावतां धावतां दार सुटलें, तर वारा तें सताड उघडी. गिअरची दांडी स्टिअरिंगखालीं असल्यानें पुढें दोघांच्या मध्यें आमची सोय होई. मातोश्री एका हातानें दार धरीत, दुसऱ्यानें आम्हांस.

तीर्थरूप आतां नाहींत. परवां नव्वदीच्या मातोश्रींस भाड्याच्या मोटारीनें तेथें नेलें. पायऱ्या त्यांस उतरवेनात. देवीचें फूल आम्हींच आणून दिलें. परततांना मोटार हलली मात्र, त्यांनीं एका हातानें दार धरिलें, दुसऱ्यानें आम्हांस!