चुलीसकट समुद्रावर

आमच्या जवळा बाजारला वसंत येतो तो हळदीच्या वासाने. होळीच्या सुमारास जिकडेतिकडे हळद शिजवायची गडबड, वाळत घातलेल्या हळदीने खळी पिवळीधमक, आणि दुपारी बाहेर बघवत नाही असं ऊन. अशाच एका संध्याकाळी चहा पिता पिता यांनी जाहीर केलं, "यंदा कोकण! आणि तेही मोटारघरातून."

मोटारघर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. मोठ्या टेंपोएवढी गाडी. आत बसायच्या बाकांचे रात्री पलंग होतात. एक शेगडी, हातभर मोरी, चिमुकला फ्रीज, पाण्याची टाकी आणि कपाटाएवढं संडास. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते यांनी कुठंतरी वाचलं होतं. पुण्याहून चालकासकट गाडी भाड्याने मिळाली. यांचं गणित सरळ होतं. "लॉजचं भाडं नाही, हॉटेलचं बिल नाही. रोज घरचं गरम जेवण!"

ते गरम जेवण करणार कोण, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. खोटं कशाला बोलू, मलाही पडला नाही. मी लगेच यादी करायला बसले. पाच किलो ज्वारीचं पीठ, येसर, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदे, बेसन. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सहा दिवस गेले म्हणजे सहा दिवसांचे पैसे गेले. यांच्या हिशेबाच्या वहीत तो आकडा नव्हता. लिहा म्हणून मीही सांगितलं नाही.

सासूबाई येतील असं वाटलं नव्हतं. वय सत्तरीपुढचं, समुद्र कधी पाहिलेला नाही. त्यांचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे आमचं सिद्धेश्वर धरण. पण त्याच सगळ्यांच्या आधी पिशवी भरून बसल्या!

परभणीहून रात्रीच्या बसने पुणे, आणि तिथून मोटारघराने ताम्हिणी घाट. घाटात पळस आणि पांगारा नुसते पेटले होते. मी ती फुलं पाहिली ती एका हाताने डब्यांचं कपाट दाबून धरून, कारण पहिल्याच वळणाला मिसळणाचा डबा खाली येऊन मोहरी गाडीभर झाली होती. मैत्रिणींनो, अशा गाडीतून कधी निघालात तर डब्यांच्या मध्ये जुने टॉवेल कोंबा, मीठ घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि गाडी चालू असताना सिलिंडर बंद म्हणजे बंद.

माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन करत दुपारी हरिहरेश्वरला पोचलो. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हे पाणी येतंय का जातंय? एकदाचं ठरवत का नाही?"

हरिहरेश्वरला देवळामागून खडकाच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेची वाट थेट समुद्राच्या कडेने जाते. लाटावाऱ्याने खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. हे मी सांगते आहे ते मोबाइलमधले फोटो पाहून. कारण सगळे निघाले तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, एवढ्या भाकरी टाकून आलेच." खिडकी उघडली की वाऱ्याने शेगडी विझायची, लावली की गाडीची भट्टी व्हायची. सात माणसांच्या भाकरी, पिठलं, ठेचा. सगळं झाकून, तोंडावर पाणी मारून पायऱ्यांपाशी गेले, तर तिथले एक गृहस्थ म्हणाले, "ताई, भरती लागली. आता नाही उतरायचं." ही वाट फक्त ओहोटीला चालता येते. आमची माणसं वर येऊनही गेली होती.

मी तिथंच कठड्याला टेकून उभी राहिले. स्वयंपाक कर असं मला कुणी म्हटलं नव्हतं, चल असंही कुणी आग्रहानं म्हटलं नव्हतं. त्यामुळे राग काढायचा तरी कुणावर? रात्री पिठल्याचं कौतुक झालं. "समुद्रकाठी घरचं पिठलं, याला म्हणतात सुख," असं हे म्हणाले आणि वर, "भांडी धुताना पाणी जपून हं, टाकी अर्धी झाली." मी काही बोलले नाही. भांडी मात्र जरा जोरात आपटली.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला जंगर. कोकणची किनारपट्टी सलग नाही, दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. तिथं ही सपाट बोट माणसं, मोटारी, ट्रक सगळं पोटावर घेऊन पलीकडे सोडते. आमचं बिऱ्हाड शेगडीसकट सावित्रीच्या खाडीवर तरंगत होतं! ही नदी महाबळेश्वरहून निघते आणि इथं समुद्राला मिळते. पलीकडे वेसवी, मग बाणकोट, आणि त्यापुढे वेळास. हे नाना फडणविसांचं मूळ गाव, पण हल्ली लोक येतात ते कासवांसाठी.

वेळासला आमच्या मोटारघराने हात टेकले. जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून जाणारी ती वाट, वरून माडाच्या झावळ्या. टपावर करकर आवाज झाला आणि चालकदादांनी गाडी मागे घेऊन लांब मोकळ्या जागेत लावली. टाकीही कोरडी. नाइलाजाने एका घरी जेवण सांगितलं.

तांदळाची भाकरी, कोवळ्या फणसाची भाजी, वरणभात, सोलकढी, उकडीचे मोदक. मी सवयीने वाढायला उठले, तर त्या घरच्या काकूंनी खांद्याला धरून खाली बसवलं. "तुम्ही बसा हो वहिनी." बसले. भात कालवायला गेले तर बोटं पोळली. लग्नाला चौदा वर्षं झाली. पहिल्या पंगतीला बसून वाफाळता भात मी शेवटचा खाल्ला तो माहेरी. घास गिळताना जरा त्रास झाला, तो मी सोलकढीवर ढकलला.

नंतर मी काकूंजवळ मागच्या पडवीत जाऊन बसले. "एवढ्या माणसांचं करता, दमत नाही?" म्हणाल्या, "दमते तर! पण सीझन तो केवढा?" मग त्यांनी वही काढून आमचा हिशेब लिहिला. वही त्यांची, अक्षर त्यांचं, पैसेही त्यांनीच मोजून घेतले. मी त्यांना आमच्याकडची हळद दिली, त्यांनी मला आमसुलं दिली.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी माणसं आणि कोल्हेकुत्री ती अंडी नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती कुंपणात राखायला सुरुवात केली. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत, थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. तळहातापेक्षा लहान पिल्लं, पण तोंड बरोबर समुद्राकडे!

सासूबाईंनी दोनदा विचारलं, "आन् माय? तिनं वळून बघितलंच नाही?"

"नाही, आई."

त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.

रात्री मी यांना म्हटलं, "उद्यापासून गाडीत फक्त चहा. जेवण मिळेल तिथं."

"अगं, मग एवढं भाडं भरलं कशाला?"

"झोपायला."

आता सासूबाई लेकाची बाजू घेणार, हे मी धरूनच होते. त्या पांघरुणातून म्हणाल्या, "म्या पंढरपूर केलं, तुळजापूर केलं. समद्या ठिकाणी तीन दगडं मांडली. समदे देव म्या धुरातूनच बघितले. तिला बघू दे की रं."

हे गप्प झाले. मग पुष्कळ वेळाने त्यांचाच आवाज आला, "ती प्रदक्षिणा राहिली ना तुझी?" म्हणजे लक्षात आलं होतं तर!

पुढचे दिवस भुर्रकन गेले. केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव (आम्ही माळकरी, नाकाला पदर लावून का होईना, पण पूर्ण बघितला), दाभोळला वाशिष्ठीवर पुन्हा जंगर आणि पलीकडे धोपाव्याहून गुहागर. शिमग्याच्या पालख्या अजून घरोघर फिरत होत्या. रस्त्यात पालखी आडवी आली तेव्हा आम्ही गाडी बाजूला घेतली, सासूबाईंनी उतरून ओटी भरली. गुहागरला सकाळी यांनी चहा केला. दूध उतू गेलं, शेगडी विझली, साखर दोनदा पडली. तो चहा मी वाळूत बसून प्यायले, आणि शेगडी कुणी पुसली ते विचारलं नाही.

घरी परतल्यावर पीठ मोजलं. पाच किलोतलं साडेतीन किलो परत आलं होतं, दमट हवेने गोळे झालेलं. चाळून, उन्हं दाखवून त्याची धिरडी केली. सासूबाई म्हणाल्या, "पुढल्या वक्ताला पीठ नेऊच नको."