राक्षसांची भीति

लहान मुलांस राक्षसांचा चित्रपट दाखवावा कीं नाहीं, असा प्रश्न पडला म्हणजे वडीलधारी माणसें प्रथम राक्षसाचे सुळे आणि शिंगें मोजूं लागतात. हें मोजमाप मला फारसें उपयोगाचें वाटत नाहीं.

आमचें कोल्हापूर तर राक्षसाच्याच नांवानें ओळखलें जाणारें गांव. कोल्हासुरानें मरतांना आपलें नांव या नगरीस देण्याचा वर देवीजवळ मागितला, अशी आख्यायिका आहे. अजूनहि दर वर्षीं आश्विन शुद्ध पंचमीस अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. तेथें एक कुमारिका त्रिशूळानें कोहळा फोडते आणि राक्षसवधाची खूण म्हणून त्याच्या फोडी मिळवावयास लोकांची झुंबड उडते. बापाच्या खांद्यावरून हा सोहळा पाहणारीं पोरें रात्रीं दचकून उठल्याचें मीं ऐकलें नाहीं. राक्षस आपल्याएवढ्याच मुलीच्या हातून मरतो, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

गेल्या सुटींत आमच्या सूनबाईंनीं विचारलें, "बाबा, 'मॉन्स्टर्स, इंक.' पांच वर्षांच्या मुलाला चालेल का? तुम्हीच आधीं पाहून सांगा." म्हणून पिक्सारचा हा २००१ सालचा व्यंगचित्रपट मीं एकट्यानें पाहिला. त्यांतील राक्षसांच्या नगरीला मुलांच्या किंकाळ्यांपासून वीज मिळते. राक्षस रात्रीं कपाटाच्या दारांतून मुलांच्या खोल्यांत शिरतात, आणि गंमत अशी, कीं मुलाचा नुसता स्पर्श झाला तरी प्राण जाईल, या समजुतीनें तेच थरथर कांपत असतात. येथें हंसूं येतें तें भिवविणाऱ्यांचें. दुबळ्याची थट्टा कोठें नाहीं. शेवटीं तर मुलाच्या हंसण्यांत किंकाळीच्या दसपट शक्ति असल्याचें उघडकीस येतें. विनोदाची ही दिशा मला सुळ्यांच्या लांबीपेक्षां अधिक महत्त्वाची वाटते.

एका प्रसंगापाशीं मात्र मी थबकलों. निळ्या केसाळ सलीवर बू नांवाची चिमुरडी जीव टाकते. नवशिक्यांना धडा म्हणून तो तिच्यादेखत डरकाळी फोडतो, आणि ती त्याच्याच भीतीनें रडूं लागते. शिंगें तींच, दांत तेच. परंतु ज्याच्या कुशींत निजावें त्याचा चेहरा क्षणांत परका झालेला. हा राक्षस ओळखण्यासाठीं मुलाला कपाटाचें दार उघडावें लागत नाहीं. रागावलेल्या बापाच्या रूपानें त्यानें तो घरींच पाहिलेला असतो.

आपल्याकडे २०२४ च्या नियमांनीं 'यूए' प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षें असे तीन भाग केले. ही सोय चांगली आहे. तथापि शेजारीं कोण बसावें, हें कोणतेंहि प्रमाणपत्र सांगूं शकत नाहीं. मीं सूनबाईंना म्हटलें, "अवश्य दाखवा, पण त्याचे वडील शेजारीं बसतील त्या संध्याकाळीं."

त्याप्रमाणें झालें. डरकाळी फुटली तेव्हां नातवानें पडद्यावरची दृष्टि काढून बापाच्या तोंडाकडे पाहिलें. बापानें कांहींएक न बोलतां त्याला मांडीवर घेतलें. रात्रीं निजण्यापूर्वीं स्वारीनें आपल्या खोलींतील कपाट स्वतः उघडून पाहिलें, आणि आंत कोणीच नाहीं असें दिसतांच तिचा चांगलाच हिरमोड झाला.