योग्य वकील

जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावी वकील शोधायचा म्हणजे चार माणसांना विचारायचे, एवढीच रीत आम्हांला ठाऊक होती. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरातीस मनाई असल्याने सारा भरवसा ऐकीव कीर्तीवर. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शब्दाची पारख हा आमचा व्यवसाय. वकिलाची पारख मात्र कोणी शिकवली नव्हती.

प्रश्न मावशीचा होता. वडिलार्जित शेतातील तिचा हिस्सा भावांनी हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊन आपल्या नावे करून घेतला होता. ओळखीतून मिळालेल्या पहिल्या वकिलाने फी घेतली आणि वर्षभर 'पुढच्या आठवड्यात या' एवढेच सांगितले. तेव्हा एका सहकाऱ्याने तालुका विधी सेवा समितीचा मार्ग सुचवला.

ही सोय केवळ निर्धनांसाठी, आणि फुकटचा वकील तो बेताचाच, असा आमचाही समज होता. प्रत्यक्षात 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. समितीच्या यादीतील वकील नेमून मिळतो. विशिष्ट वकिलाची इच्छा दर्शविल्यास तिचाही विचार होतो. आणि त्या वकिलाला पक्षकाराकडून पैसे घेता येत नाहीत. 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

अर्जासोबतची हकीकत आम्ही लिहिली. चार पाने. मावशीचे विस्कळीत बोलणे आम्ही प्रमाण मराठीत आणले, पुनरुक्ती गाळली, भावांच्या अन्यायावर एक करुण परिच्छेदही रचला. लेखन आम्हांला समाधानकारक वाटले होते.

नेमून मिळालेल्या वकीलबाईंनी ती पाने वाचली, बाजूला ठेवली आणि आमच्याकडे न पाहता मावशीला विचारले, "मावशी, तो कागद कशाचा आहे हे तुम्हाला केव्हा कळलं?"

मावशी म्हणाली, "मले तं पीकइम्याचा कागद वाटला. वाचून नाई दाखवला कोनं. मागच्या सक्रांतीले माहेरी गेली, तवा भावजयनं सांगतलं."

वकीलबाईंनी तेवढेच लिहून घेतले. फसवणुकीने केलेला दस्त रद्द करून घ्यायचा, तर ती फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणजे सारा दावा त्या एका संक्रांतीवर उभा होता. आणि आम्हांला आठवले, मावशीने पीकविमा आणि संक्रांत दोन्ही आम्हांलाही सांगितले होते. अनेकदा सांगितले होते. पुनरुक्ती म्हणून आम्ही ते गाळले होते.

दावा मुदतीत दाखल झाला. निकाल अजून लागायचा आहे. तो कसाही लागो, योग्य वकील कोण याचे उत्तर आम्हांला त्या दिवशी मिळाले. त्याची कीर्ती, त्याची फी, त्याचे इंग्रजी यांआधी एकच पाहावे : तो प्रश्न कोणाला विचारतो? सोबत आलेल्या शिकलेल्या माणसाला, की जिचे शेत गेले तिला?

वर्गात आम्ही बोलीभाषेच्या सामर्थ्यावर दरवर्षी व्याख्यान देतो. यंदा ते देताना मध्येच थांबलो. समोर सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यांतून आलेली मुले बसली होती. त्यांच्या उत्तरपत्रिकांतून आजवर आम्ही काय काय खोडले असेल, याचा हिशेब आमच्याकडे नाही.