चाकाने मोजला पसरणीचा घाट

वाईहून पाचगणी किती लांब? वाईच्या स्टँडवर उभं राहून दहा जणांना विचारा, दहा उत्तरं मिळतील. कुणी म्हणेल, "ही काय, वर डोंगरावर दिसतेय ती!" कुणी म्हणेल, "अर्धा तास." एका आजोबांनी तर मला "दोन विड्यांची वाट" असं सांगितलं होतं. आता विडी किती वेळ पुरते हे मला कसं कळायचं? ज्याला त्याला आपापल्या मापाने रस्ता ठाऊक असतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून माझा भाचा आणि भाची वाईला आली. भाचा आठवीत, भाची सहावीत. भाच्याच्या सायकलच्या हँडलवर काडेपेटीएवढा एक डबा बसवलेला होता आणि त्याच्या काचेत आकडे दिसत होते. "मावशी, हा सायकल कॉम्प्युटर! वेग सांगतो, अंतर सांगतो. आणि वायरलेस आहे, म्हणजे वायर नाही." झालं! आल्या पावली त्याने जाहीर करून टाकलं, की पसरणीचा घाट या यंत्राने मोजायचा.

मुलांनो, हे यंत्र फार साधं आहे बरं का! पुढच्या चाकाच्या एका आरीला छोटं लोहचुंबक अडकवलेलं असतं. चाक ज्या दोन दांड्यांमध्ये फिरतं त्यातल्या एका दांडीवर एक डबी असते. डबीत काचेची इवलीशी नळी आणि तिच्यात लोखंडी धातूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना न टेकलेल्या. चुंबक समोरून गेलं, की पट्ट्या क्षणभर चिकटतात आणि पुन्हा सुटतात. तेवढ्यात डबीतून रेडिओचा एक बारीकसा संदेश हँडलवरच्या यंत्राला जातो, "एक फेरी झाली!" बस्स. यंत्राला बाकी काहीच कळत नाही. चढ, उतार, ऊन, पाऊस, पोटातली भूक यांतलं काही नाही. ते फेऱ्या मोजतं, दोन फेऱ्यांमधला वेळ मोजतं आणि गुणाकार-भागाकार करतं. चौथीच्या माझ्या वर्गातली पोरं करतात तेच!

कल्पनाही नवी नव्हे. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी अशा गाडीचं वर्णन करून ठेवलं आहे. चाकाला दातेरी चक्रं जोडलेली, आणि दर मैलाला एक खडा डब्यात टपकन पडायचा. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे. चीनमध्येही अशी गाडी होती. तिच्यातला लाकडी बाहुला ठरावीक अंतर झालं की ढोल वाजवायचा. आपल्या यंत्रात खडाही नाही आणि ढोलही नाही, एवढाच काय तो फरक!

पण फेरीचा गुणाकार करायचा तर एका फेरीत सायकल किती पुढे जाते हे यंत्राला आधी सांगावं लागतं. भाच्याने पुस्तिकेतल्या तक्त्यावरून आकडा भरला होता, 2068 मिलिमीटर. मी म्हटलं, "आपण मोजून बघू." अंगणात खडूने रेघ मारली. हवा भरायच्या नळीचं तोंड बरोबर रेघेवर खाली आणलं. भाच्याला सायकलवर बसवलं, कारण माणूस बसला की टायर थोडा दबतो आणि फेरी आखूड होते. मग सायकल सरळ ढकलली. तोंड पुन्हा खाली आलं तिथे दुसरी रेघ. मधलं अंतर भरलं 2 मीटर साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे 2055 मिलिमीटर. आता फरक तेरा मिलिमीटरचा, तो कशाला बघायचा? पण समजा कुणी 2068 च्या जागी 2168 भरले, तर दर वीस किलोमीटरला जवळजवळ एक किलोमीटर फुकटचा मिळेल. एका आकड्याची चूक आणि पाय न हलवता एक किलोमीटर!

पहिल्या दिवशी रंगीत तालीम म्हणून मेणवलीला गेलो. वाईच्या ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. हे देऊळ सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. कृष्णेच्या पुराचं पाणी फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून देवळाची मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे. मग उसाच्या शेतांमधून मेणवली. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि मागे कृष्णेवर सुरेख दगडी घाट. घाटावरच्या छोट्या देवळात केवढी तरी मोठी घंटा टांगली आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. भाचा घंटेकडे बघत होता आणि भाची म्हणत होती, "ही इथवर आणायला किती बैल लागले असतील?" याचं उत्तर आमच्या यंत्राजवळ नव्हतं.

जाताना अंतर भरलं 3.1 किलोमीटर. येताना मात्र त्याच रस्त्याने, त्याच गणपतीपाशी, 2.2! रस्ता आखूड कसा झाला? भाच्याचा चेहरा उतरला. "बिघडलं," म्हणाला. मी म्हटलं, शोध घे. त्याने चाक हळूहळू फिरवून पाहिलं. एका खड्ड्याच्या दणक्याने आरीवरचं चुंबक कलंडलं होतं. चुंबक डबीसमोरून चार-पाच मिलिमीटरवरून जायला हवं, ते बोटभर लांबून जात होतं. मग पट्ट्या कशा चिकटणार? स्क्रू आवळला, गंमत संपली. भाचीने मात्र लगेच एक वही काढली. "यंत्र झोपलं तर? मी किलोमीटरचे दगड मोजणार आणि तिथे काय दिसलं ते लिहिणार." हिरव्या डोक्याचा दगड राज्यमार्गाचा आणि पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हेही तिने काकांकडून लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइलमध्ये हे सगळं असतंच की! असतं. मोबाइल उपग्रहांवरून आपली जागा ओळखतो आणि नकाशासुद्धा काढून देतो. पण त्याची बॅटरी दिवसभरात संपते. या यंत्राला एक नाण्याएवढा सेल कित्येक महिने पुरतो. शिवाय घाटात मोबाइल पिशवीत असलेलाच बरा, असं माझं मत आहे. पालकांना ते पटेल.

खरी कसोटी पुढेच होती. रात्री जेवताना भाचा म्हणाला, "माझ्या मित्राने उतारावर 52 चा वेग मारलाय. मी घाटात 55 मारणार!" माझ्या हातातला घास हातातच राहिला. या यंत्रात एक खोड आहे. ते सर्वांत जास्त झालेला वेग आठवणीत ठेवतं आणि मिरवायला देतं. दाखवायला आकडा मिळाला, की मुलं तो वाढवायला निघतात.

मी रागावले नाही. पाटी घेतली. ताशी 40 वेग म्हणजे सेकंदाला 11 मीटर. काचेतला आकडा बघायला एक सेकंद मान खाली घातली, तर आमच्या शाळेच्या वर्गाच्या लांबीपेक्षा जास्त अंतर न बघता कापलं! आणि वेग 20 चा 40 केला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं. पसरणीच्या घाटात वळणं आहेत, वळणावर खडी पसरलेली असते, समोरून एस.टी. येते आणि कठड्यावर माकडं बसलेली असतात. भाची म्हणाली, "माकडांना ब्रेक कुठले!" सगळे हसले. मग करार झाला. उतरताना 25 च्या वर जायचं नाही. आकडा 25 च्या वर दिसला, तर तिन्ही सायकली धुवायच्या. साक्षीदार कोण? तेच यंत्र!

मंगळवारी निघालो. शनिवार-रविवारी या रस्त्याला पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, म्हणून मुद्दाम मंगळवार. सकाळी साडेसहाला गणपती घाटावर यंत्र शून्यावर आणलं. तिघांच्या डोक्यावर हेल्मेट होती. काका स्कूटरवरून मागून येत होते. पाणी, पंक्चरचं सामान आणि भाकऱ्या त्यांच्याकडे.

पसरणी गाव लागलं. शाहीर साबळे या गावचे, 1923 साली इथे जन्मले. गाव मागे पडलं आणि रस्त्याने मान वर केली. भाच्याच्या काचेत 14 चे 9 झाले, 9 चे 7, मग 6. माझी सायकल बिनगिअरची, मी तर तिसऱ्याच वळणावर उतरून ढकलायला लागले. थोड्या वेळाने भाचाही उतरला, आणि ओरडला, "मावशी, हे ढकललेलंही मोजतंय! 4 दाखवतंय." मोजणारच. बसणारा बसलाय की चालतोय, चाकाला काय त्याचं! (घरी सायकल स्टँडवर लावून हाताने पुढचं चाक फिरवलं तरी किलोमीटर वाढतात. हा शोध भाच्याने आधीच लावलेला होता, असं भाचीने मला गुपचूप सांगितलं.)

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच आणि पाचगणी सुमारे 1290. म्हणजे जवळजवळ सहाशे मीटर वर चढायचं. पण या सहाशे मीटरचा एक मीटरही यंत्रात दिसत नाही! त्याला फक्त रस्त्याची लांबी कळते. उंची कळली ती आमच्या मांड्यांना. आणि डोळ्यांना. प्रत्येक वळणावर वाईची घरं लहान होत गेली. पलीकडे पांडवगड उभा राहिला. कृष्णेचं खोरं उलगडलं आणि त्यात धोम धरणाचं पाणी सकाळच्या उन्हात चमकायला लागलं. भाचीच्या वहीत त्या दिवशी असं लिहिलेलं आहे: "दगड. रंग उडालेला. वारा थंड. एक वानर व त्याचं पिल्लू. पिल्लू आईच्या पोटाला. भाऊ बोलत नाही, दमला." पुढच्या दगडाला: "पाणी संपलं. काका आले. धोम दिसलं, निळं नाही, चांदीसारखं." तिची सायकल लहान आणि चाकंही लहान, त्यामुळे तेवढ्याच रस्त्याला तिच्या चाकाने कितीतरी जास्त फेऱ्या मारल्या. तिने कुरकुर केली नाही. फक्त थांबल्यावर वही काढायची.

पाचगणीच्या स्टँडजवळ आलो तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. यंत्र म्हणत होतं: अंतर 12.4 किलोमीटर, वेळ 1 तास 41 मिनिटं, सरासरी वेग 7.4. भाचा चक्रावला. साडेसहा ते नऊ-दहा म्हणजे 2 तास 40 मिनिटं. मग 59 मिनिटं गेली कुठे? कठड्यावर! चाक थांबलं की हे यंत्र वेळ मोजणंही थांबवतं. आमची विश्रांती, भाकरी, वानराचं पिल्लू, सगळं त्याच्या हिशेबाबाहेर. फेऱ्या मात्र सहा हजारांवर झाल्या होत्या. करा पाहू भागाकार, 12,400 मीटर भागिले 2.055.

सायकली कुलूप लावून खाली ठेवल्या आणि पायी टेबललँडवर गेलो. पाच डोंगरांवरून पाचगणी हे नाव पडलं म्हणतात. टेबललँड म्हणजे जांभ्या खडकाचं प्रचंड सपाट पठार, जणू कुणी डोंगराचं डोकं रंध्याने तासलंय. गावात सिल्व्हर ओकची उंच झाडं आणि निवासी शाळा. भाचीला स्ट्रॉबेरी हवी होती. हंगामाची नुकती सुरुवात होती, त्यामुळे महाग आणि आंबट! तरी खाल्ली.

उतरताना मी सर्वांत पुढे, भाची मध्ये, तिच्यामागे भाचा, शेवटी काका. दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबायचे नि सोडायचे, एकसारखे दाबून धरायचे नाहीत, रिम तापते. दोनदा थांबून आम्ही रिमला हात लावून पाहिला, चांगलीच गरम होती. मागून भाच्याचा आवाज येत होता, "22... 23... 21..." मी ओरडून सांगितलं, "आकडे नको वाचूस, रस्ता बघ!" मग आवाज बंद झाला.

गणपती घाटावर आलो. उतरायला 41 मिनिटं लागली होती. उताराची सरासरी भाच्याने काढली, 18.1. मग म्हणाला, "चढाची 7.4, उताराची 18.1, म्हणजे दोन्हींची मिळून पावणेतेरा." यंत्राने दाखवली 10.5! यंत्र चुकलं? नाही. चढायला वेळ जास्त लागला, म्हणून सरासरी चढाकडे ओढली जाते. सगळं अंतर 24.8 किलोमीटर, सगळा चालता वेळ 142 मिनिटं. तुम्हीही वहीत करून बघा. मोठ्यांनाही घाला हे गणित, हमखास पावणेतेरा सांगतात!

आता राहिला सर्वांत जास्त वेगाचा आकडा. तो विचारायच्या आधीच भाच्याने बटण दाबून काच माझ्यासमोर धरली. 26.1.

"शेवटच्या वळणानंतर रस्ता सरळ होता. मी आकडे बघत नव्हतो ना, तू सांगितलंस म्हणून!" तो म्हणाला.

भाची म्हणाली, करार म्हणजे करार. काका म्हणाले, एक किलोमीटर तर जास्त, सोडून द्या. मी गप्प राहिले, कारण दोघांचंही मला पटत होतं. घरापर्यंत हा वाद चालू होता.

संध्याकाळी अंगणात पाण्याचा आवाज आला म्हणून डोकावले. भाचा तिन्ही सायकली ओळीने लावून धूत होता, माझ्या जुन्या सायकलची चेनसुद्धा. भाची पायरीवर बसून वहीत लिहीत होती. यंत्र काढून त्याने कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. चुंबक मात्र आरीवरच होतं, त्याच्याभोवतीचा चिखल तो जुन्या टूथब्रशने काढत होता.